एक बोट वर

५ सप्टेंबर १९८४, बुधवार

ड्रेस नाही तर गाडी नाही!

कोच ड्रेसलनी जिममध्ये शिट्टी फुंकून जाहीरच करून टाकलं. आमच्याकडे पी.टी. आणि ड्रायव्हिंग एकाच तासाला, दोन्ही तेच शिकवतात. दोघं दोघं आळीपाळीनं गाडीत, बाकीचे मैदानाला चकरा मारणार. "ज्याला स्वतःचे बूट सांभाळता येत नाहीत त्याच्या हातात मी गाडी देणार नाही. पी.टी.चा ड्रेस विसरला, की तो आठवडा गेला! रडत यायचं नाही."

मी विसरले नव्हते. पण माझा पांढरा शर्ट डॅडनं त्याच्या कामाच्या कपड्यांबरोबर धुतला. आता तो निळा पण नाही, राखाडी पण नाही. लायल बोसमा लगेच, "काय गं ट्वायला, ढग घालून आलीस?"

कोच जवळ आले. "हा पांढरा म्हणायचा?"

"होता, कोच."

"धुतला कोणी?"

"डॅडनं."

सगळ्या गावाला माहितीये. जूनमध्ये मॉम एक सुटकेस घेऊन केसवेलला गेली ती गेलीच. "पळा आता," एवढंच म्हणाले. पण वहीत माझ्या नावापुढे ड्रेस आहे अशी खूण केली! बघितलं मी.

मला गाडी पाहिजे. पाहिजे म्हणजे पाहिजेच. डॅडनं सांगून ठेवलंय — "सोळा पूर्ण कर, लायसन्स काढ, मग जा हवं तिकडे. मी त्या रस्त्याला गाडी घालणार नाही. आणि शेजाऱ्यांना मध्ये आणायचं नाही." मॉम शिकागोची, ती गाडी कधी शिकलीच नाही. इथून केसवेलला जाणारी बस गेल्या वर्षी बंद पडली.

डिसेंबरमध्ये मला सोळा.


७ सप्टेंबर

शिकाऊ परमिट मिळालं!! फोटोत मी शिंकायच्या बेतात असल्यासारखी दिसतेय. चालेल.


९ सप्टेंबर, रविवार

मॉमचा फोन. तिचा फोन रविवारीच येतो, चर्चनंतर. डॅड तेव्हा बरोब्बर गॅरेजमध्ये जातो. दर वेळी काय एवढं सापडतं त्याला तिथे?

मी तिला सगळं म्हणून दाखवलं. आरसे, इंडिकेटर, पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं. ती हसत होती. "मला अर्धं कळलं नाही, पण छान वाटतंय ऐकायला." मी आले की नूडल्स करणार आहे, कुसकरलेल्या बटाट्यावर घालून, माझ्या आवडीच्या. ती कापडाच्या दुकानात काम करते आणि वरच्या खोलीत राहते. खिडकीतून पूर्ण मेन स्ट्रीट दिसतो म्हणे. "तू आलीस की मला लांबूनच दिसशील."

मग थोडं थांबून, "आणि तो?"

"बराय."

"जेवतो ना नीट?"

"डबाबंद सूप."

"हं."

एवढंच. मला वाटलं अजून विचारेल.


१३ सप्टेंबर

सिम्युलेटर! जिमच्या मागे लांब ट्रेलर आहे, त्यात खोट्या गाड्यांची रांग. खरं स्टिअरिंग, खरे पेडल, पुढे पडदा, पडद्यावर रस्ता. दिवे घालवले की सगळ्यांनी एकदम गाडी चालवायची. मधेच एक चेंडू रस्त्यावर येतो, मागून एक लहान मुलगा. सगळ्यांनी ब्रेक! लायल सोडून. तो लहानपणापासून ट्रॅक्टर चालवतो, त्याला हा पोरखेळ वाटतो. कोच ओरडले, "बोसमा, मारलास त्याला!"

"कोच, तो दर वर्षी येतो. माझ्या भावानं पण मारला होता."

सगळे खिदळले. मी नाही. मी त्या पडद्यावरच्या रस्त्यात घुसले होते. दोन्ही बाजूंना मका, लांबवर पाण्याची टाकी. मी मनात ठरवूनच टाकलं, ती केसवेलची टाकी. तेवढ्यात फिल्म संपली, पांढरा पडदा फडफडला.

तासभर गाडी चालवली आणि जागची हलले नाही!


१९ सप्टेंबर

आज खरी गाडी. खरी!!

माझी जोडी लायलबरोबर. एक चालवतो, एक मागे बसतो. कोच पुढे, चालवणाऱ्याच्या उजवीकडे, आणि त्यांच्या पायाशी त्यांचा स्वतःचा एक ब्रेक. त्यांना वाटेल तेव्हा ते गाडी थांबवू शकतात. पायाखाली भूत असल्यासारखं वाटतं — मी दाबलेलंच नाही आणि गाडी थांबते!

कोच सगळी घरची कामं आमच्याकडूनच करून घेतात. "ट्वायला, डावीकडे वळ. समांतर पार्किंग." मी घामाघूम होऊन गाडी लावते आणि हे उतरून डोनट घेऊन येतात. मग लाँड्री. मग त्यांच्या आईच्या घरी औषधाची बाटली द्यायची. लायल मागून, "कोच, आमच्या डुकरांना पण खायला घालायचंय, जाता जाता?"

मग गावाबाहेर. समोरून एक ट्रक आला आणि माझं पहिलं बोट आपोआप वर गेलं. हात स्टिअरिंगवरच, फक्त बोट. इथे सगळे करतात. डॅड करतो. आजोबा करायचे. ओळख असो नसो, समोरून माणूस आला की बोट वर, झालं हॅलो.

खट्! कोचनी वहीत फुली मारली.

"दोन्ही हात चाकावर म्हणजे दहाही बोटं चाकावर."

"पण कोच, ते मिस्टर हुलेट होते!"

"परीक्षा घ्यायला येणारा मिस्टर हुलेटना ओळखत नाही."

लायल म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण." मग स्वतः चालवायला बसला आणि त्यानं पण बोट वर केलं. त्याला दोन फुल्या! तो एका हातानंच चालवतो ना.


२३ सप्टेंबर, रविवार

मॉमला बोटाची गंमत सांगितली. वाटलं हसेल.

ती म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, काय प्रेमळ माणूस आहे हा, सगळ्या गावाला ओळखतो." मग म्हणाली, "सगळ्या काउंटीला बोट वर करतो गं तुझा डॅड. घरात आला की मान पण वर करत नाही."

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत बसले.

गॅरेजमध्ये पाना पडल्याचा आवाज आला.


२८ सप्टेंबर

पावसामुळे मैदान बंद, गाडी बंद. जिममध्ये स्क्वेअर डान्स, मुलगा-मुलगी जोडीनं. कोचनी घासलेली रेकॉर्ड लावली. मुलांचे हात म्हणजे ओले मासे! लायल कानात म्हणाला, "मी हात धुतलेत हं, साबणानं." मग दुसऱ्या चकरेला, "ड्रेस मस्त दिसतो. ढगाचा."

चुकून त्याच्या पायावर पाय दिला. चुकून नाही.


६ ऑक्टोबर

मैदानाच्या पायऱ्यांवर सगळ्यात वर चढून केसवेल दिसतं का बघितलं. मका, मका, मग आकाश. लायल खालून ओरडला, "पृथ्वी गोल आहे, वेडे!"


१५ ऑक्टोबर

मका कापायला लागलेत. डॅड धान्याच्या कोठारावर वजनकाट्यावर असतो, त्यामुळे या दिवसांत तो घरी फक्त झोपायला येतो. मी दुपारी डबा द्यायला गेले. ट्रकमागून ट्रक काट्यावर येतात. प्रत्येकाला डॅड काचेतून बोट वर करतो, प्रत्येक जण त्याला. एक शब्द नाही. दुपारभर.

मी डबा ठेवला. तो म्हणाला, "ठेव तिथे."

मला बोट पण नाही!


२३ ऑक्टोबर, मंगळवार

नीट लिहिते.

कोच सकाळी म्हणाले, "आज लांब जाऊ. कुस्तीच्या गाद्या शिवायला दिल्यात त्यांचं काय झालं बघायला. केसवेल."

केसवेल!!

मी ड्रेस बदलून इतक्या झपकन आले की एक मोजा उलटा होता. मका निघून गेल्यामुळे सगळं उघडं. आधी प्रत्येक चौकात भिंत असायची मक्याची, पलीकडून कोण येतंय कळायचंच नाही. आज मैलभर लांबचं दिसत होतं. मी इतकी छान चालवली! कोचचा पाय एकदा पण ब्रेकवर गेला नाही. समोरून गाड्या आल्या, दहाही बोटं चाकावर. लायल मागे गप्प. लायल गप्प म्हणजे बघा.

पाण्याची टाकी दिसली. पडद्यावरच्यासारखी नाही, गंजलेली आहे. मला तीच आवडली.

गावाच्या चौकात कोच म्हणाले, "डावीकडे." केसवेलची शाळा डावीकडे, गाद्या तिथेच. मेन स्ट्रीट उजवीकडे.

मी उजवा इंडिकेटर दिला.

देवाशपथ, मी ठरवलं नव्हतं. हातानंच दिला. चाक फिरायला लागलं आणि गाडी गचकन थांबली. भूत! कोचचा पाय.

"मी उजवीकडे म्हटलं?"

"नाही, कोच."

"परीक्षेत इथेच नापास."

"माझी मॉम तिथे काम करते. कोपऱ्यापासून तिसरं दुकान. फक्त जवळून जायचं होतं. थांबणार पण नव्हते."

मागून एका गाडीनं हॉर्न दिला. कोच समोर बघत राहिले. मग म्हणाले, "मागे जाऊन बस. बोसमा, तू ये पुढे."

मी मागे बसले. रडले नाही. नाक वाहत होतं, ते वेगळं. गाद्या शिवून झाल्याच नव्हत्या. शाळेला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं परत निघालो. लायल दोन्ही हातांनी चालवत होता, तो! चौक आला. कोच म्हणाले, "सरळ. घरी."

लायलनं इंडिकेटर दिला आणि मेन स्ट्रीटला वळला.

"अरेच्चा! कोच, चुकलंच की."

मी वाट बघत होते — आता थांबेल, आता थांबेल. गाडी थांबली नाही. मी सीटच्या फटीतून बघितलं. कोचचे दोन्ही पाय मागे ओढलेले, सीटखाली.

गाडी गोगलगायीसारखी चाललेली. पहिलं दुकान. दुसरं. मग काच, आणि काचेच्या आत मॉम! स्टुलावर उभी, पाठमोरी, पुतळ्याला नारिंगी कापड गुंडाळत होती. तोंडात टाचण्या असणार, ती तशीच मान वाकडी करते तेव्हा. केस कापलेत. कानापर्यंत. मला फोनवर सांगितलं नाही.

ती वळली नाही. मी काचेवर बोट टेकवलं. ती वळलीच नाही. लांबूनच दिसशील म्हणाली होती.

गावाबाहेर आल्यावर कोच म्हणाले, "बोसमा, चुकीचं वळण. फुली." बऱ्याच वेळानं म्हणाले, "इंडिकेटर मात्र वेळेवर दिलास."


२४ ऑक्टोबर

काल डॅडला सांगितलं. जेवताना. सांगायचं नव्हतं, पण बाहेर पडलं.

सूपमधला चमचा थांबला. "भेटलीस?"

"नाही. काचेतून बघितलं. पाठमोरी होती."

तो परत जेवायला लागला. मला वाटलं संपलं. मग बटाट्याकडे बघत म्हणाला, "दिसायला कशी होती?"

"केस कापलेत."

"किती?"

मी कानापाशी हात धरून दाखवलं. तो बघत राहिला, माझ्या हाताकडे. मग उठला आणि ताट धुतलं. माझं पण. मी अजून जेवत होते!


४ नोव्हेंबर, रविवार

मॉमला केसांचं विचारलं. "तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, मला लांबूनच दिसलं. ती मग रडल्यासारखं हसली.


१० नोव्हेंबर, शनिवार

डॅड आज आपणहून म्हणाला, "चल, पिकअप चालव." कापलेल्या शेताच्या कडेच्या रस्त्यावर. तो शेजारी. चाकाशिवाय त्याला मी पहिल्यांदाच बघितलं, हात कुठे ठेवावेत तेच कळत नव्हतं त्याला. मांडीवर ठेवले, मग खिशात, मग परत मांडीवर.

समोरून हुलेटांचा ट्रक. मी दहाही बोटं चाकावर.

"बोट का नाही वर केलंस?"

"मार्क जातात."

"मार्क!" तो खरंच चिडला. "माणूस समोरून येतोय, ट्वायला. दिसलास रे बाबा, एवढं तरी सांगायचं त्याला. त्याला काय पैसे पडतात?"

मग मी म्हटलं. दोन महिने तोंडात होतं. "मॉमला कधी केलंस?"

पिकअप खडखडत होती. मला वाटलं आता म्हणेल, गाडी थांबव, उतर. तो शेताकडे बघत होता, काहीच नसलेल्या.

"ती शेजारी बसलेली असायची," म्हणाला. "शेजारच्याला कोण बोट दाखवतं?"

घरी उतरताना म्हणाला, "वळताना हात घाईचा आहे तुझा. बाकी चांगलं आहे."


२२ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. डॅडनं टर्की भाजली. वरून कोळसा, आतून बर्फ. आम्ही सूप प्यायलो. तो म्हणाला, "ती मसाला काय घालायची गं आत?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "विचारू?"

तो म्हणाला, "नको." मग, दार लावून येताना, "विचार."


२५ नोव्हेंबर, रविवार

विचारलं. सेजची पानं आणि शिळा पाव. मॉम म्हणाली, "त्यानं विचारलं?" मी म्हटलं, हो. "त्यानं?" परत.

डॅड आज गॅरेजमध्ये गेला नव्हता. जिन्यावर बसून बुटाची नाडी बांधत होता. एकच नाडी, फोन संपेपर्यंत.


१३ डिसेंबर, गुरुवार

सोळा!! आणि पास!!!

परीक्षा घेणारा म्हणजे बाई निघाली, तिनं शिंकत शिंकत परीक्षा घेतली. समांतर पार्किंग — एकदम घट्ट, डोनटच्या दुकानासमोर शिकल्यासारखं. परत येताना समोरून मिस्टर हुलेट! त्यांनी बोट वर केलं. माझं बोट थरथरलं, पण चाकावरच राहिलं. माफ करा, मिस्टर हुलेट.

जिममध्ये जाऊन कोचना लायसन्स दाखवलं. ते व्हॉलीबॉलची जाळी बांधत होते. लायसन्स लांब धरून वाचलं, चष्मा नव्हता. "शनिवारी रस्त्यावर बर्फ असेल. ब्रेक हळू हळू दाबायचा. आता त्या बाजूला मी नाही."

मी शनिवार म्हटलंच नव्हतं.

लायलनं माझ्या हातात डोनट ठेवला. अर्धा खाल्लेला. "मी नसतो चुकलो तर तू सरळ घरीच गेली असतीस."

"तू चुकलास?"

"फुली पडलीये," तो म्हणाला आणि पळाला. कान लाल.


१४ डिसेंबर

डॅडनं पिकअप धुतली. डिसेंबरात! पाणी गोठत होतं. मी म्हटलं, "उद्या परत घाण होणार." तो म्हणाला, "होऊ दे."

उद्या दुपारपर्यंत दुकान. मग ती मोकळी. नूडल्स.

शर्ट इस्त्री केला. झोप येत नाहीये.


१५ डिसेंबर, शनिवार

मी पिकअप सुरू केली तर उजवं दार उघडलं. डॅड. स्वच्छ शर्ट, केस ओले करून बसवलेले. माझ्या शेजारी बसला.

सगळा रस्ता त्याचा पाय पुढच्या मॅटवर दाबलेला. त्या बाजूला ब्रेक नाही हे मी त्याला सांगितलं नाही.

दुकानासमोर गाडी लावली. काचेच्या आत मॉम आमच्याकडेच बघत होती. डॅडचे हात मांडीवर. तिथून त्याचं एक बोट वर आलं.